वाळवंटात पाणथळ: राजस्थानच्या कालव्याखालचा कठीण थर

वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, अशा मुलखात शेतं पाण्याखाली गेली. हनुमानगड, सूरतगड, लुणकरणसर या पट्ट्यातली ही गोष्ट आहे. पाणी वरून कोसळलं नाही, जमिनीतून वर आलं. आधी सखल जागी ओल दिसू लागली, मग विहिरींची पातळी चढत गेली, मग घरांच्या भिंतींना लोणा लागला, आणि शेवटी वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागी कायमची डबकी साचली. त्यांच्या काठाला पांढरे क्षार आणि पाणकणीस. तिथले लोक या प्रकाराला ‘सेम’ म्हणतात. आपल्याकडे नीरेच्या आणि कृष्णेच्या काठी उसाच्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, त्याच जातीचं हे दुखणं. पण आपल्याकडची काळी माती मुळातच निचऱ्याला मंद असते. राजस्थानात तर वर वाळू होती, आणि वाळूइतकी चांगली निचऱ्याची जमीन दुसरी नाही. मग पाणी तुंबलं कुठे?

उत्तर वाळूत नाही, तिच्या खाली आहे. थरच्या वाळवंटात बऱ्याच ठिकाणी काही मीटर खोलीवर चुनखडीचा, जिप्समचा किंवा घट्ट चिकणमातीचा असा थर लागतो की त्यातून पाणी जवळजवळ जात नाही. हा थर कालव्याच्या आधीही होता आणि तिथल्या लोकांना तो चांगलाच ठाऊक होता. त्यांचं पिण्याचं पाणी त्याच्याच जिवावर टिकलं होतं. तोच थर पुढे शेतीच्या मुळावर कसा आला, हे पाहण्यासारखं आहे.

कालवा

बिकानेर संस्थानाला कालव्याचं पाणी नवं नव्हतं. महाराजा गंगासिंहांच्या काळात, 1927 साली, सतलजचं पाणी आणणारा गंग कालवा सुरू झाला आणि आजचा श्रीगंगानगरचा परिसर हिरवा झाला. त्या यशानंतर संस्थानाचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी 1948 च्या सुमारास आणखी मोठी योजना मांडली: हिमालयातल्या नद्यांचं पाणी थेट जैसलमेरपर्यंत न्यायचं. 31 मार्च 1958 रोजी केंद्रीय गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्ते राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली. 1961 च्या ऑक्टोबरात नौरंगदेसर वितरिकेत पहिलं पाणी सोडलं गेलं. 1984 साली कालव्याला इंदिरा गांधींचं नाव मिळालं आणि 1987 च्या सुरुवातीला पाणी मुख्य कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडपाशी पोचलं.

पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून 204 किलोमीटरचा पोषक कालवा येतो आणि त्यापुढे 445 किलोमीटरचा मुख्य कालवा. मुखाशी क्षमता 18,500 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. कालवा पक्क्या अस्तराचा आहे. अभियांत्रिकीचं काम म्हणून त्याला नावं ठेवायला जागा कमी, आणि त्याने लाखो लोकांचं पिण्याच्या पाण्याचं दैन्य संपवलं हेही खरं. या लेखात दोष काढायचा आहे तो एका विशिष्ट जागी.

साधी माती आणि हा थर

साधी माती म्हणजे काय, याची व्याख्या शेतकऱ्याला विचारली तर तो वाफसा सांगेल. पाणी दिल्यावर जास्तीचं पाणी उतरून जातं, हवा आत शिरते, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो. या एका अवस्थेत मातीचं सगळं शास्त्र आहे. चांगल्या मातीच्या घनफळात निम्मी जागा मोकळी असते आणि त्या पोकळीत हवा आणि पाणी वाटून राहतात. मुळं कुजून झालेली नळकांडी, गांडुळांची बिळं, सेंद्रिय पदार्थाने धरून ठेवलेले कण, यांमुळे पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जोडलेल्या असणं महत्त्वाचं. नुसती पोकळी असून भागत नाही, पाण्याला वरपासून खालपर्यंत सलग वाट लागते.

दख्खनमध्ये माती खणत गेलं की मुरूम लागतो. तो कुदळीला कठीण असला तरी भेगाळलेला असतो, झिरपा देतो, आणि बहुतेक जागी पाणी त्यातून खाली सरकतं. त्यामुळे ‘खाली कठीण लागलं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुरूम येतो आणि फारशी चिंता वाटत नाही. वाळवंटातल्या कठीण थराला हा अनुभव लावला की फसगत होते, कारण मुरूम हा खडक विरघळत-फुटत मातीकडे निघालेला असतो, तर हा थर म्हणजे माती दगडाकडे निघालेली असते.

ती तिकडे का निघते, याचं कारण पाऊस. ओल्या प्रदेशात पावसाचं पाणी मातीतून जाताना चुना विरघळवतं आणि थेट भूजलात, तिथून नदीत घेऊन जातं. वाळवंटात पाऊस इतका थोडा असतो की पाणी काही फूट उतरतं आणि तिथेच थांबतं. मग मुळं ते शोषून घेतात किंवा त्याची वाफ होते. पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तिथेच बसतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. चुना खालच्या खडकातूनच यायला हवा असंही नाही, वाऱ्याबरोबर येणारी धूळही तो पुरवत राहते. हजारो वर्षांत त्याच त्या खोलीवर चुना साचत जातो. पाऊस जितका कमी, तितका हा थर साधारणपणे जमिनीच्या जवळ, हा नियम मृदाशास्त्रात जुना आहे. अर्थात वारा वर नवी वाळू आणून टाकतो, जुनी उडवून नेतो, त्यामुळे आज तो थर दोन मीटरवर सापडेल की वीस, हे वरून पाहून सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात काम करणाऱ्या मृदाशास्त्रज्ञांनी 1966 साली या साचण्याचे चार टप्पे मांडले, ते इथेही उपयोगी पडतात. आधी खड्यांवर चुन्याचा पातळ लेप चढतो किंवा मातीत पांढरे धागे दिसतात. मग गाठी होतात, ज्यांना उत्तर भारतात कंकर म्हणतात. पुढे गाठी एकमेकींना भिडतात आणि सगळ्या पोकळ्या बुजतात. शेवटी, खाली वाट उरली नाही म्हणून पाणी त्या थराच्या माथ्यावर आडवं पसरतं, आणि तिथे चुन्याचे गुळगुळीत पापुद्रे एकावर एक चढतात. म्हणजे थर एकदा बुजला की तो स्वतःच स्वतःला आणखी बुजवत जातो. पहिल्या दोन टप्प्यांतली जमीन अजून मातीच आहे. तिच्यातून पाणी जातं, मुळं जातात. तिसऱ्या टप्प्यापासून तिला माती म्हणण्यात अर्थ नाही.

जिप्समची गोष्ट थोडी वेगळी. ते चुन्यापेक्षा पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं: लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम. म्हणून ते टिकायला आणखी कोरडेपणा लागतो. बिकानेरजवळच्या जामसरला त्याच्या खाणी आहेत, त्यावरून या भागात ते किती साचलं असेल याची कल्पना येते. कोणी विचारेल, इतकं विरघळतं तर कालव्याचं पाणी हा थर धुऊन का नेत नाही? साधा हिशोब करा. एक घनमीटर भरीव जिप्सम म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. ते विरघळवायला साधारण हजार घनमीटर गोडं पाणी त्यातून आरपार जायला हवं, आणि आरपार जाण्यालाच तर वाट नाही. चुनखडीला याच्या कितीतरी पट पाणी लागेल. जिप्सम विरघळतं ते भेगांच्या कडेने, तुकड्या-तुकड्याने, आणि त्यातून निचरा होण्याऐवजी जमीन खचण्याचा त्रास मात्र होतो. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात जिप्समवर बांधलेल्या कालव्यांनी हे अनुभवलं आहे.

हातात आलेलं ढेकूळ नुसती घट्ट झालेली माती आहे की या थराचा तुकडा, हे ओळखणं अवघड नाही. कोरडा तुकडा पाण्यात टाकावा. दाबून घट्ट झालेली माती बुडबुडे सोडत काही मिनिटांत किंवा तासाभरात विरते. चुन्याने बांधलेला तुकडा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर चुनखडी फसफसते. जिप्सम फसफसत नाही, पण नखाने ओरखडतं. नांगरटीने झालेला कठीण पट्टा खोल नांगरून मोडतो, कारण तो फक्त दाबलेला असतो. इथे कणांमध्ये सिमेंट आहे. मोडला तरी त्याचे दगड होतात, माती होत नाही. आणि तो दहा मीटर खोल असला तर नांगराचा प्रश्नच उरत नाही.

शेताच्या दृष्टीने आणखी एक फरक सांगून पुढे जातो. चुना भरपूर असलेल्या जमिनीचा सामू, म्हणजे pH, आठाच्या वर असतो. तिथे लोह, जस्त, स्फुरद मातीत असूनही पिकाला लागू पडत नाहीत, पानं शिरांमधून पिवळी पडतात. पण राजस्थानच्या या प्रकरणात पिवळी पानं हा दुय्यम विषय होता.

किती पाणी आलं

कालव्याचं काम दोन टप्प्यांत झालं. पहिल्या टप्प्यात पाण्याचं प्रमाण ठरलं दर हजार एकरांना 5.23 क्युसेक. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. त्याचं पावसाच्या भाषेत रूपांतर करून पाहू. एक क्युसेक प्रवाह दिवसभर चालला तर सुमारे दोन एकर-फूट, म्हणजे एका एकरावर दोन फूट उंच, पाणी होतं. त्या हिशोबाने 5.23 क्युसेक म्हणजे हजार एकरांवर रोज तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. कालवा वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असं धरलं तर वर्षाला साडेअकराशे मिलिमीटर. प्रत्यक्षात तो तसा चालत नाही, पाळ्या असतात, बंद काळ असतो, वाटेत गळती असते. तरी त्यातलं निम्मं जरी शेतात पोचलं, तरी तिथल्या जमिनीने हजारो वर्षं दरसाल जेवढा पाऊस पाहिला त्याच्या दुपटीहून अधिक पाणी वर्षागणिक येऊ लागलं. आणि गळालेलं पाणीही कुठे परदेशी गेलं नाही, त्याच जमिनीत उतरलं.

शेतकऱ्याला मिळाला 25 बिघ्यांचा मुरब्बा, म्हणजे सव्वासहा हेक्टरांच्या आसपास जमीन. पाणी वारबंदीने, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. वार आला की पाणी घ्यायचं, पिकाला तहान असो वा नसो, कारण चुकलं तर पुढचा वार येईपर्यंत हात चोळत बसायचं. या व्यवस्थेत शहाणा माणूस जास्तच पाणी घेतो. त्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

पण वाळू त्या पाण्याचं काय करते? वाळूचा एक मीटर थर पिकाच्या उपयोगी पडेल असं साठ ते ऐंशी मिलिमीटर पाणी धरतो. भारी काळी माती त्याच्या दुप्पट किंवा अधिक धरते. वाफे भरून मोकाट पाणी दिलं की एका वेळी तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी सहज पडतं, आणि त्याआधीची ओल अजून शिल्लक असतेच. उरलेलं मुळांच्या खाली निघून जातं. शेतकऱ्याला दिसतं की पाणी छान मुरलं, वर थेंब साचला नाही. त्याच्या दृष्टीने जमीन उत्तम आहे.

आता खालचा थर धरून हिशोब करू. समजा वर्षाला दीडशे मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली उतरलं, आणि वाळूतली भरता येण्याजोगी पोकळी पंधरा टक्के आहे. दीडशे मिलिमीटरला पंधरा टक्क्यांनी भागलं की हजार मिलिमीटर: पाण्याची पातळी वर्षाला एक मीटर चढते. पहिल्या टप्प्यात प्रत्यक्ष मोजलेली वाढही वर्षाला मीटरच्या आसपासचीच होती, म्हणून हा हिशोब अगदीच हवेतला नाही. खाली अडथळा नसेल आणि मूळ भूजल चाळीस मीटरवर असेल, तर पाणी वर यायला चाळीस वर्षं लागतील. तेवढ्या अवधीत उपाय सुचतो. अडथळा सहा मीटरवर असेल तर सहा वर्षं. खालचं मूळ भूजल तेव्हाही चाळीस मीटरवरच असेल, त्याला या पाण्याचा पत्ताही नसेल. तळाला भोक नसलेल्या कुंडीसारखी ती जमीन आहे: वरून कितीही भुसभुशीत माती घाला, पाणी बेतानेच घालावं लागतं.

घग्गरने यात भर घातली. पावसाळ्यात पंजाब-हरियाणातून येणारा या नदीचा पूर सूरतगड भागाला त्रास देई. 1960 च्या दशकात तो वळवून वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांमध्ये सोडण्याची सोय करण्यात आली. पूर टळला. पण त्या जागांमध्ये साठलेलं पाणी खाली न जाता आडवं पसरलं, आणि बडोपल, माणकथेडी, रंगमहल या भागांतल्या सखल जमिनीत वर आलं. तिथे घग्गरच्या जुन्या गाळाचे, चिकणमातीचे थरही आहेत. पहिल्या टप्प्यातला अडथळा सगळीकडे चुनखडीचाच आहे असं नाही. बिकानेर-जैसलमेरकडे, दुसऱ्या टप्प्यात, कंकर आणि जिप्समचं प्रमाण जास्त. पाण्याला मात्र त्याने फरक पडत नाही.

पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत आली की भारतात जमीन पाणथळ धरतात, दोन ते तीन मीटर म्हणजे धोक्याची पातळी. त्यामागचं कारण केशाकर्षण. साधारण दीड-दोन मीटरवरून पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढू शकतं, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. वाळवंटाच्या उन्हात ही वाफ वर्षभर चालू असते. म्हणून आधी पीक पिवळं पडतं ते मुळांना हवा न मिळाल्याने, आणि पुढच्या काही वर्षांत तीच जमीन क्षाराने मरते. दोन्हींच्या मधला काळ फार थोडा असतो.

कुंई

हाच थर पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी कसा पडला ते आता. चुरू, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या भागांत खोल भूजल बहुतेक ठिकाणी खारं आहे. पण जिथे वाळूखाली खडीचा, म्हणजे जिप्समचा किंवा चुनखडीचा पट्टा आहे, तिथे पावसाचं वाळूत मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. हे पाणी विहिरीसारखं साठलेलं नसतं, वाळूच्या कणांना धरून ओलीच्या रूपात असतं. तिथली माणसं पाण्याचे तीन प्रकार मानतात: पालर म्हणजे थेट पावसाचं, वाहतं किंवा साठवलेलं, पाताल म्हणजे खोल विहिरीचं, आणि या दोहोंच्या मधलं रेजाणी, जे खडीच्या पट्ट्याने अडवलं.

रेजाणी काढायला कुंई खणतात. अगदी अरुंद, माणूस बसून कसाबसा खणू शकेल एवढ्या व्यासाची. रुंद केली तर रात्रभर झिरपलेलं पाणी तळाशी इतकं पातळ पसरेल की भरता येणार नाही, आणि त्याची वाफही होईल. खणणारा पट्ट्यापर्यंत जातो आणि थांबतो. पट्टा फोडायचा नाही, कारण फोडला तर गोडं पाणी खाली निघून गेलं. कुंईतून दिवसाला दोन-तीन घागरी मिळतात, तेवढ्याच.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते. पट्टा कुठे आहे, किती खोल आहे, कुठे नाही, याची गावोगावची माहिती कुंया खणणाऱ्यांकडे होती. ज्या गावात कुंया आहेत तिथे पाणी खाली जात नाही, हे त्या कुंयाच ओरडून सांगत होत्या. अडीचशे मिलिमीटर पावसातलं थोडंसं पाणी अडवणारा थर हा आधार असतो. त्याच थरावर कालव्याचं पाणी ओतलं की संकट. थर तोच, त्याचं वागणंही तेच, बदललं फक्त वरून येणारं पाणी.

जमिनीची पाहणी झालीच नव्हती, असं मात्र नाही. शेतीसाठी मातीची पाहणी जगभर साधारण दीड-दोन मीटर खोलीच्या खड्ड्यात होते, कारण पिकाची मुळं तेवढ्यातच असतात. त्या खड्ड्यात वाळू दिसते, निचरा उत्तम दिसतो, आणि जमीन सिंचनाला योग्य ठरते. पीक येईल का, या प्रश्नाला ते उत्तर बरोबरच आहे. उरलेलं पाणी कुठे जाईल, हा प्रश्न त्या खड्ड्याच्या तळाखाली आहे, आणि त्याला दहा-वीस मीटरची बोरं घ्यावी लागतात, तीही जवळजवळ, कारण हे थर तुटक असतात. लांब-लांब घेतलेल्या दोन बोरांमध्ये थर लागला नाही म्हणून मधल्या भागातही नाही, असं गृहीत धरता येत नाही. हा खर्च मोठा आहे हे मान्य. पण 445 किलोमीटर कालव्याच्या खर्चापुढे तो किती असता, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

सेम आल्यावर

पहिला उपाय पाणी कमी करण्याचा. दुसऱ्या टप्प्यासाठी हजार एकरांना 5.23 ऐवजी 3 क्युसेक हे प्रमाण धरलं गेलं. वरच्याच हिशोबाने ते वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास येतं. जमीन जास्त खोलगट आणि थर जास्त जवळ असलेल्या भागात हे शहाणपणाचं होतं. तुषार सिंचनाचा आग्रह पुढे आला तोही याच भागात. तुषारने वाळूवर वीस-तीस मिलिमीटरची हलकी पाळी देता येते, जी मोकाट पाण्याने देणं अशक्य आहे, कारण वाळू वाफ्याच्या तोंडाशीच सगळं पिऊन टाकते. पण तुषारला दाब लागतो, दाबाला वीज लागते, आणि वारबंदीचं पाणी साठवायला शेतात हौद लागतो. पाणी मुबलक मिळण्याची सवय लागलेल्या वरच्या भागातल्या शेतकऱ्याला प्रमाण कमी करायला सांगणं तर राजकारणाच्या दृष्टीने फारच अवघड. शिवाय तो ज्या जमिनीत पाणी जास्त देतो, ती जमीन बहुतेकदा उंचावर असते आणि सेम येते दुसऱ्याच्या सखल शेतात.

जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याचा उपाय आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनीत वापरला जातो, कारण तिथे पाणी नेऊन सोडायला नाला आणि नदी आहे. बिकानेरच्या टेकड्यांमधून समुद्राकडे जाणारा ओढा नाही. निचऱ्याचं पाणी काढलं तरी ते शेजारच्या खोलगट जागेतच जाणार, म्हणजे सेम एका चकातून, शेतांच्या एका गटातून, दुसऱ्या चकात. उपसून पुन्हा कालव्यात टाकावं तर ते खारट झालेलं असतं आणि खालच्या गावांना तेच प्यायचं असतं. थराला भोकं पाडून पाणी खाली सोडावं, ही कल्पनाही अनेकांना सुचते. एका शेताच्या कोपऱ्यात, थर पातळ असेल आणि खाली कोरडी वाळू असेल, तर ती चालेलही. फळझाडाच्या खड्ड्यात पातळ थर आरपार फोडतात तोही हाच विचार: भोक खालपर्यंत गेलं तर झाड जगतं, अर्धवट राहिलं तर मुळं सडतात. पण हजारो हेक्टरांवर, जाडी न कळलेल्या थराला, हे करणं व्यवहारात बसत नाही.

सगळ्यांत जास्त परिणाम दिसला तो झाडांचा. कालव्याच्या कडेने, मुळात वाळू उडून पात्रात पडू नये म्हणून, निलगिरी, शिसम, बाभूळ यांच्या रुंद पट्ट्यांची लागवड झाली होती. निलगिरीच्या पट्ट्यांखाली पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा कित्येक मीटर खाली गेल्याचं मोजणीत दिसलं, आणि जवळची साचलेली डबकी आटली. आपल्याकडे पाणी पिऊन टाकते म्हणून बदनाम झालेलं झाड इथे नेमकं त्याच गुणासाठी हवं होतं. शिसमाला मात्र पाय ओले राहिलेले सोसत नाहीत, त्यामुळे सेम आलेल्या जागी तो कामाचा नाही. झाड लावायचं ते पाणी वर येण्याआधी आणि गळतीच्या उगमाजवळ. डबक्याच्या मधोमध लावलेलं रोप जगतच नाही.

पुढे, 2000 नंतर, पहिल्या टप्प्यातल्या काही पाणथळ भागांत पातळी उतरली. त्यात झाडांचा वाटा आहे, पण कालव्यात येणारं पाणीच कमी झालं याचाही मोठा वाटा आहे, आणि हे दुसरं कारण शेतकऱ्याला आनंदाचं नाही.

झाडांच्या उपायाची एक मर्यादा आहे. झाड पाणी पितं, क्षार फारसे घेत नाही. पट्ट्याखालचं पाणी वर्षागणिक खारट होत जातं, आणि एका हद्दीपलीकडे निलगिरीही ते ओढू शकत नाही. गोड्या कालव्याच्या गळतीवर ही हद्द यायला बराच काळ लागतो, खाऱ्या भूजलावर लवकर येते. त्यातून झाडं लाकडासाठी तोडली की पुढच्या दोन-तीन हंगामांत पातळी पुन्हा चढू लागते, म्हणून तोड पट्ट्या-पट्ट्याने, एका वेळी थोडीच करावी लागते. आणि झाडांच्या आत-बाहेर निरीक्षण विहिरी ठेवून खोलीबरोबर पाण्याचा खारेपणाही मोजत राहावं लागतं. नुसती खोली पाहिली तर पातळी उतरलेली दिसते आणि क्षार वाढलेले दिसत नाहीत.